सफर : व्हिएतनामच्या नदीकाठी भेटलेली आपली माणसे

व्हिएतनाम म्हटले की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना युद्ध आठवते आणि मुलांना मोबाइलवर पाहिलेले रंगीत कंदील. मुंबईहून आता थेट विमाने जातात, खर्चही आवाक्यात आहे, त्यामुळे गेल्या काही वर्षांत मराठी कुटुंबांची तिकडे बरीच ये-जा सुरू झाली आहे. डिसेंबरच्या सुटीत आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे, कॉलेजात शिकणारी लेक आणि सत्तरीतल्या अम्मी, असे निघालो तेव्हा नातेवाइकांनी तीनच प्रश्न विचारले. तिकडे खाणार काय? नमाजचे काय? आणि तिथे मुसलमान आहेत तरी का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी निघाली. तिसऱ्याचे उत्तर मिळायला मात्र आम्हाला देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत जावे लागले.

देशाचा आकार लांबलचक आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण १,६५० किलोमीटर आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी जेमतेम ५० किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे भातशेती. कोकणातल्या माणसाला हे चित्र नवे नाही. लोकसंख्या दहा कोटींच्या घरात आणि त्यात मुसलमान एक लाखाच्याही आत.

सुरुवात राजधानी हनोईपासून केली. या शहराला १०१० साली राजधानीचा मान मिळाला, म्हणजे वय हजार वर्षांहून जास्त. जुन्या भागातल्या गल्ल्यांची नावे तिथे विकल्या जाणाऱ्या मालावरून पडली आहेत. ‘हांग’ म्हणजे माल. रेशमाची गल्ली, चांदीची गल्ली, कागदी वस्तूंची गल्ली. आपल्याकडच्या तांबट आळी, बोहरी आळी यांची आठवण यावी अशीच ही व्यवस्था. त्यातल्या हांग लुओक, म्हणजे कंगव्यांच्या गल्लीत, दुकानांच्या रांगेत एक पांढरी मस्जिद उभी आहे. नाव अल-नूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती बांधली. आजही हनोईतली ती एकमेव मस्जिद आहे. जुम्याला तिथे दूतावासांतली माणसे, परदेशी विद्यार्थी, नोकरीसाठी आलेले लोक असे सगळे एका सफेत दिसले. बांधणारे व्यापारी केव्हाच गेले, त्यांची दुकानेही उरली नाहीत. मात्र त्यांनी अनोळखी गावात वुजूसाठी केलेली पाण्याची सोय दीड शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या मुसाफिरांच्या अजून कामी येते आहे.

हनोईत पहिली परीक्षा असते रस्ता ओलांडण्याची. दुचाकींचा लोंढा थांबत नाही. हॉटेलातल्या मुलीने आम्हाला रीत शिकवली: धावायचे नाही, थांबायचे नाही, मागे फिरायचे नाही, एका संथ चालीने चालत राहायचे, गाड्या तुम्हाला वळसा घालतात. अम्मींनी ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पाऊल टाकले आणि लेकीचा हात धरून पलीकडे पोहोचल्यासुद्धा. आम्ही दोघे अजून अलीकडेच उभे होतो.

याच शहरात १०७० साली स्थापन झालेले ‘विद्येचे मंदिर’ आहे. आवारात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत. त्यांवर पंधराव्या शतकापासूनच्या राजदरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे आहेत, त्यांच्या गावांसह. लढाई जिंकणाऱ्यांची नावे दगडात कोरलेली आपण बरीच पाहतो. परीक्षा पास झालेल्यांची नावे अशी शतकानुशतके जपलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली. परीक्षेआधी मुले इथे येतात. कासवांच्या डोक्यावर हात फिरवून ती झिजली, म्हणून आता कठडे घातले आहेत.

भाषेची मौज वेगळीच. लिपी रोमन आहे, पण वाचता येते म्हणून बोलता येत नाही. एकच अक्षरसमूह सहा वेगवेगळ्या सुरांत म्हटला तर सहा अर्थ होतात. ‘मा’ या एका उच्चारात सूर बदलून आई, भूत, पण, कबर, घोडा आणि भाताचे रोप एवढे सगळे मावते. आपल्या बायका ज्याला तरवा म्हणतात तो आणि आई एकाच शब्दात! दुसरी गोष्ट आम्हाला अधिक आवडली. ‘मी’ आणि ‘तू’ म्हणायला तिथे सहसा नात्याचेच शब्द वापरतात. समोरचा वयाने मोठा असेल तर ‘आन्ह’ म्हणजे दादा, बाई असेल तर ‘ची’ म्हणजे ताई, लहान असेल तर ‘एम’. त्यामुळे ओळख होताच लोक वय विचारतात. आगाऊपणा म्हणून नव्हे. वय कळल्याशिवाय हाक कशी मारायची, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. दादा, आपा, खाला, चाचा म्हटल्याशिवाय ज्यांच्या घरात वाक्य सुरू होत नाही, त्या आम्हाला हे समजावून सांगावे लागले नाही.

आता जेवणाचे. रस्त्यावर सकाळपासून ‘फो’ नावाच्या शेवयांच्या रश्श्याची भांडी उकळत असतात. त्यात बहुधा गाईचे किंवा कोंबडीचे मांस असते, पण ते हलाल नसते आणि अनेक स्वयंपाकघरांत डुकराची चरबीही वापरतात. म्हणून ‘यात डुकराचे मांस नाही ना’ एवढे विचारून भागत नाही. आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेला शब्द म्हणजे ‘चाय’. तिकडे त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहारी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे ‘कम चाय’, म्हणजे शाकाहारी जेवणाची पाटी बहुतेक शहरांत सापडते. भात, टोफू, मश्रूम, हिरव्या भाज्या आणि भरपूर पुदिना-तुळशीसारखी पाने. मासे मुबलक आहेत. ‘नुओक माम’ हे त्यांचे खास कालवण मासे आणि मीठ आंबवून करतात. कोळंबी, खेकड्यांबाबत शाफई घरांना अडचण नाही. हनफी घरांनी आपापल्या उलेमांच्या मताप्रमाणे करावे. घरून नेलेली सुकटाची चटणी आणि खाकरे अर्थात संपूनच परत आले.

हनोईहून एक दिवस हा लाँगच्या उपसागरात घालवला. हिरव्या, शांत पाण्यातून चुनखडीचे सुमारे सोळाशे सुळके आणि बेटे वर आली आहेत. १९९४ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. नावाचा अर्थ ‘उतरणारा ड्रॅगन’. लोककथेत या बेटांचा जन्म त्या ड्रॅगनच्या मुखातून पडलेल्या रत्नांतून झाला. भूगोल सांगतो की पावसाच्या पाण्याने लाखो वर्षे चुनखडी विरघळवली आणि नंतर समुद्र आत शिरला. डिसेंबरचे धुके होते. एकेक डोंगर धुक्यातून पुढे येई आणि मागे विरून जाई. अम्मींनी नावेच्या टोकाला बसून तसबीह काढली आणि दोन तास कोणाशी बोलल्या नाहीत.

पुढचा प्रवास रेल्वेने. हनोई ते सायगाव हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग फ्रेंचांच्या काळात, १९३६ मध्ये पूर्ण झाला. युद्धात त्याचे तुकडे झाले. देश एक झाल्यावर १९७६ च्या शेवटच्या दिवसांत तो पुन्हा जोडला गेला. डब्यात सहा प्रवासी, गरम पाण्याची सोय आणि खिडकी. नमाज कसर करून बर्थवर बसूनच अदा केली. किब्ला तिथूनही पश्चिमेकडेच, किंचित उत्तरेला. सकाळी जाग आली तेव्हा शेतांतून पाऊस पडत होता. डोक्यावर ‘नोन ला’, ती शंकूसारखी टोपी घातलेल्या बाया खांद्यावरच्या कावडीत भाजी घेऊन बांधावरून चालल्या होत्या. आणि शेताच्या मधोमध कबरी. इथे घरातल्या मृतांना अनेकदा आपल्याच शेतात दफन करतात. नांगर त्यांना वळसा घालून जातो. प्रत्येक घरात पूर्वजांचे फोटो, त्यांच्यापुढे फळे आणि उदबत्ती. पूजेची ती रीत आपली नाही, पण गेलेल्यांची जागा रिकामी न ठेवण्याची त्यांची धडपड आम्हाला कळत होती.

हुए या जुन्या राजधानीनंतर गाडी हाय वान घाटात चढते. नावाचा अर्थ ‘समुद्र आणि ढग’, आणि दृश्यही तेवढेच: खाली लाटा, वर ढग, मधे आपली गाडी. हा घाट उतरला की दा नांग येते आणि एका हरवलेल्या राज्याचा मुलूख सुरू होतो.

त्या राज्याचे नाव चंपा. मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चाम लोकांनी हजार वर्षांहून अधिक काळ राज्य केले. त्यांची भाषा मलायच्या कुळातली, शिलालेख संस्कृतमध्ये आणि राजे शिवभक्त. दा नांगजवळच्या मी सन या दरीत त्यांची विटांची देवळे आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यातली कित्येक कोसळली. अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातले अखंड दगडाचे शिवलिंग मिळाले. समुद्रमार्गे व्यापारी आले, त्यांच्याबरोबर इस्लामही आला आणि हळूहळू अनेक चाम मुसलमान झाले. उत्तरेकडून व्हिएतनामी राज्य सरकत राहिले. १४७१ मध्ये विजय ही राजधानी पडली, आणि १८३२ मध्ये शेवटचा तुकडाही संपला. त्या शेवटच्या तुकड्याचे नाव ऐकून आम्ही चकित झालो: पांडुरंग. पंढरपूरशी त्याचा संबंध नाही, शब्द तेवढा एक. आजच्या फान रांग या गावाचे नाव त्यावरूनच आले.

फान रांगजवळच्या रेल्वे स्टेशनचे नाव ‘थाप चाम’, म्हणजे चाम मनोरा. टेकडीवर विटांची जुनी देवळे आहेत आणि तिथे चाम हिंदू आजही पूजा करतात. शेजारच्या गावांत राहतात बानी. हे चाम मुसलमानांपैकीच, पण शतकानुशतके बाहेरच्या इस्लामी जगाशी संपर्क तुटल्याने त्यांच्या रीती स्वतंत्र वाढल्या. रमजान महिन्यात त्यांचे धर्मगुरू मस्जिदीतच मुक्काम करून सगळ्या गावाच्या वतीने रोजे ठेवतात. आपल्या घरच्या शिकवणीशी हे जुळत नाही. पण तिथली एक गोष्ट आम्ही वहीत लिहून घेतली. बानींना तिकडे ‘अवाल’ म्हणतात आणि चाम हिंदूंना ‘अहिएर’. अरबीतले अव्वल आणि आखिर! राज्य बुडालेल्या एका लहान समाजाने आपल्या दोन धर्मांना एकाच जोडीची दोन टोके मानले. पहिले आणि शेवटचे, म्हणजे दोघे मिळून एक.

तिथून सायगाव. १९७६ पासून अधिकृत नाव हो ची मिन्ह शहर, पण लोकांच्या तोंडी अजून सायगावच. काचेचे उंच मनोरे, फ्रेंचांनी बांधलेले पोस्ट ऑफिस, फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून घट्ट दुधातली बर्फाळ कॉफी पिणारी तरुण मुले. डिसेंबर २०२४ मध्ये इथे पहिली मेट्रो सुरू झाली. शहराच्या मध्यावर डोंग दू रस्त्यावर दक्षिण भारतीय मुसलमानांनी १९३५ मध्ये बांधलेली मस्जिद आहे. पांढऱ्या-निळ्या रंगाची, चार मिनार आणि आत थंडगार वऱ्हांडा. आसपास हलाल खाणावळी आहेत, आणि तिथेच एकदाचा आम्हाला निर्धास्तपणे ‘फो’ खाता आला.

युद्धाचे संग्रहालय पाहायला जाताना लेकीला न्यावे की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. नेले, आणि बरे केले. १९७५ मध्ये ते उघडले तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेच्या गुन्ह्यांचा उल्लेख होता. १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच वर्षी नाव बदलून ‘युद्धाच्या अवशेषांचे संग्रहालय’ झाले. नाव सौम्य झाले, आतले फोटो सौम्य नाहीत. १९६१ ते १९७१ या काळात जंगले आणि पिके जाळण्यासाठी विमानांतून विषारी द्रव्ये फवारली गेली. त्यांचे परिणाम पुढच्या पिढ्यांच्या शरीरांवर दिसतात. त्या दालनात एक अमेरिकी वृद्ध गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. तिथल्या कर्मचारी मुलीने त्यांना खुर्ची आणून दिली आणि पाणी दिले. विसरायचे नाही आणि सूडही धरायचा नाही, हे या देशाने कुठल्याशा भाषणातून नव्हे तर अशा रोजच्या वागण्यातून जमवले असावे.

आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मात्र मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात, कंबोडियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या चाउ डोक या गावी मिळाले. पाण्यावर तरंगती घरे आणि घरांखाली जाळ्यांत पाळलेले मासे. पलीकडच्या काठावर चाम मुसलमानांची वस्ती. फेरीतून उतरून मुबारक मस्जिदीपर्यंत चालत गेलो. लाकडी खांबांवर उभी घरे, खांबांवर जुन्या पुरांच्या खुणा, लुंगी नेसलेले पुरुष, ओढणी घेतलेल्या बाया, टोप्या घातलेली मदरशाची पोरे. हे चाम सुन्नी आहेत आणि आमच्या कोकणातल्या लोकांप्रमाणेच शाफई. असरच्या नमाजनंतर एका घरातून बोलावणे आले. खुर्च्या नव्हत्या, तुळतुळीत लाकडी जमिनीवर सगळे बसलो. घरच्या आजी अम्मींच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सलाम झाला, मग आजींनी अम्मींच्या गुडघ्याकडे बोट केले, अम्मींनी मान हलवली, आजींनी आपलाही गुडघा दाखवला. त्यानंतर त्यांना आमची गरज उरली नाही. दस्तरखानावर भात, मासे आणि ‘तुंग लामो’ हा गोमांसाचा सुकवलेला सॉसेज होता, चाम लोकांची खासियत.

आजींचा नातू मलेशियात शिकून आलेला, इंग्रजी बोलणारा. घरात चाम, शाळेत आणि बाजारात व्हिएतनामी, मदरशात अरबी. त्यांची चाम भाषा इथे अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. तो म्हणाला, “शहरात नाव सांगितले की लोक विचारतात, तू मलेशियाचा का? मी म्हणतो, मी इथलाच. तुमच्याआधीपासूनचा.” लेक हसली. तिला पुण्यात वसतिगृहावर पहिल्या आठवड्यात ऐकावे लागले होते, ‘अगं, तू मराठी किती छान बोलतेस!’ तिने त्याला ते सांगितले. त्याने विचारले, “मराठी ही मुसलमानांची भाषा आहे का?” लेक म्हणाली, “आमची आहे.”

मग तो आपल्या काळजीचे बोलला. तरुण पोरे कारखान्यांत कामाला सायगावला जातात, नदीतले मासे पूर्वीइतके राहिले नाहीत, हातमागावर बसणाऱ्या बाया कमी झाल्या. दीन मस्जिदीत सांभाळला जाईल, असे त्याला वाटते; भाषेचे काय, हे त्याला कळत नाही. म्हणून तो रोज संध्याकाळी आजींना जुने शब्द विचारतो आणि मोबाइलमध्ये त्यांचा आवाज साठवतो. मासेमारीचे, लग्नातले, पाळण्याचे शब्द. राज्य गेले, गाव बदलले, सरहद्दी बदलल्या, पण आजींच्या तोंडात शब्द आहेत तोवर आपण चाम आहोत, असे त्याचे साधे गणित.

वाचकहो, व्हिएतनामला जरूर जा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो, मध्य भागात त्याच काळात पाऊस असतो, दक्षिणेत ऊन. चार-पाच शब्द पाठ करा, ‘चाय’ विसरू नका. हा लाँग पाहा, घाटातली रेल्वे चुकवू नका. आणि शक्य असेल तर सायगावहून बसने सहा-सात तास खर्च करून चाउ डोकला एक मुक्काम करा. मस्जिदीत दोन रकात पढा आणि कोणी घरी बोलावले तर जा.

परतीच्या विमानात लेकीने वही काढली आणि अम्मींना विचारू लागली: तुमच्या माहेरी भात झोडायच्या जागेला काय म्हणत? पाळण्याला बाळाच्या वरून कोणती दुआ म्हणत? अम्मी सांगत गेल्या. मुंबई येईपर्यंत नऊ पाने भरली होती. त्यातले निम्मे शब्द आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.